पुशी (इंग्रजी विशेषण)

पुशी हे बोलचालीच्या इंग्रजीतले विशेषण आहे. समोरच्याचे मन नसतानाही आपले म्हणणे किंवा आपला माल रेटून पुढे नेणाऱ्याला ते लावतात. ‘ढकलणे’ या अर्थाच्या ‘पुश’ला ‘ई’ प्रत्यय लागून ते बनले. ‘पुश’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘पुल्सारे’, म्हणजे पुन्हापुन्हा आघात करणे. नाडीला म्हणतात तो ‘पल्स’ही याच कुळातला.

हे ‘पुन्हापुन्हा’ आजच्या अर्थातही टिकून आहे. एकदा विचारणारा माणूस पुशी ठरत नाही. नकार ऐकूनही थांबत नाही तो पुशी. गिऱ्हाईक ‘नुसते बघतोय’ म्हणते, तरी विक्रेता बुटांचे तीन जोड काढतो, एक पायात चढवायला लावतो आणि ‘बिल करू ना?’ असे विचारतो. तो झाला ‘पुशी सेल्समन’. मुलांच्या यशासाठी मुलांच्या आणि शिक्षकांच्याही मागे लागणारे आईवडील ‘पुशी पेरेंट्स’.

मराठीत याला ‘आग्रही’ म्हणणे चुकीचे. आग्रहात माया असू शकते, तत्त्वनिष्ठाही असू शकते. पुशीत दोन्ही ऐकू येत नाहीत. ‘गळेपडू’ पुष्कळ जवळचा. प्रसंग पाहून ‘आपलेच घोडे पुढे दामटणारा’ किंवा ‘लकडा लावणारा’ असेही म्हणता येईल. ‘असर्टिव्ह’ म्हणजे ठाम. ठाम माणूस आपले मत मांडतो आणि दुसऱ्याला नकाराची मुभा ठेवतो. पुशी माणूस नेमकी तीच काढून घेतो.

हा शब्द सगळ्यांना सारख्या मापाने लावला जात नाही. २०१४ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पहिल्या महिला कार्यकारी संपादक जिल अब्रॅमसन यांना पदावरून दूर केले गेले. त्यांच्या संदर्भात ‘पुशी’ हा शब्द पुढे आला आणि त्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. हेच वागणे पुरुषाचे असते तर त्याला खंबीर म्हटले असते, हा टीकाकारांचा आक्षेप होता. तो रास्तच म्हणायला हवा.

पुशी हा बहुधा दुसऱ्याने मारलेला शिक्का असतो. स्वतःविषयी तो येतो तेव्हा नकारासह येतो: ‘आय डोन्ट वॉन्ट टू बी पुशी, बट…’, म्हणजे ‘मला मागे लागायचे नाही, पण…’. या ‘पण’नंतर हमखास तीच जुनी मागणी येते. तर-तमभावाची रूपे ‘पुशियर’ व ‘पुशिएस्ट’, भाववाचक नाम ‘पुशीनेस’. औपचारिक लेखनात त्याऐवजी सहसा ‘इन्सिस्टंट’ किंवा ‘फोर्सफुल’ वापरतात. ते दोन्ही इतके बोचरे नाहीत.