पश्चिमेची खिडकी आणि चिकाचा पडदा

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घर तापते ते मुख्यतः दोन वाटांनी: डोक्यावरच्या स्लॅबमधून आणि पश्चिमेकडच्या खिडक्यांमधून. स्लॅबचा विषय स्वतंत्र आहे. खिडकीसाठी मात्र बांबूच्या काड्या विणून केलेला चिकाचा पडदा हा आजही स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे, फक्त तो नेमक्या खिडकीला आणि नेमक्या बाजूने लावला पाहिजे. दुकानात गेल्यावर आपण आधी रंग पाहतो, मग वीण पाहतो, आणि पडदा कुठे टांगायचा हे घरी आल्यावर ठरवतो. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा.

नागपूर सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मे आणि १७ जुलैच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातील सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होतो तो मेच्या याच सुमारास, आणि शहरातील ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंदही २३ मे २०१३ या दिवसाची आहे. सूर्य इतका माथ्यावर असताना दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. साधा छज्जा तिला पुरतो. पूर्वेचे ऊन कडक असले तरी त्या वेळी हवा आणि भिंती अजून तापलेल्या नसतात.

पश्चिमेच्या खिडकीची स्थिती वेगळी असते. मेअखेरीस दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असतो आणि पाच वाजता अवघ्या २३ अंशांवर उतरतो. इतक्या तिरप्या उन्हात ६० सेंटीमीटर पुढे आलेला छज्जा आपल्याखाली जेमतेम २५ सेंटीमीटर सावली देतो आणि बाकीची खिडकी उघडी पडते. स्वच्छ आकाशात चार वाजता पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ढोबळमानाने ५०० वॅट ऊर्जा पडते, म्हणजे चार फूट बाय चार फुटांच्या एका खिडकीवर सुमारे सातशे वॅट. दिवसातील सर्वांत तापलेली वेळही नेमकी तीच असते. म्हणून खर्च एकाच पडद्याचा करायचा असेल, तर तो पश्चिमेच्या खिडकीवर करावा.

पुढचा प्रश्न पडदा काचेच्या आत लावावा की बाहेर, हा आहे, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण निवडीत याहून महत्त्वाचे काही नाही. साधी काच सूर्यप्रकाशातील बहुतेक ऊर्जा आत येऊ देते. ते ऊन आतल्या पडद्यावर पडले की पडदा तापतो आणि ती उष्णता दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकू लागतो. या दीर्घ लहरींना काच अपारदर्शक असते, त्यामुळे आत आलेल्या उष्णतेला त्या वाटेने परत जाता येत नाही. शिवाय तापलेल्या पडद्याला लागून असलेली हवा गरम होऊन वर चढते आणि खोलीत पसरते. पडदा फिकट असेल तर काही ऊन दृश्य प्रकाशाच्या रूपातच काचेतून परत जाते, एवढाच काय तो दिलासा. तोच पडदा काचेच्या बाहेर टांगला तर तो तापतोच, पण त्याची उष्णता बाहेरच्या हवेत जाते. आत लावलेला पडदा खिडकीतून येणाऱ्या उष्णतेचा साधारणपणे निम्माही भाग थोपवू शकत नाही. बाहेरची दाट सावली तीन चतुर्थांशाहून अधिक भाग थोपवू शकते. वर्धा रोड, मनीषनगर, बेसा या भागांतील इमारतींमध्ये मोठ्या काचा आणि अरुंद छज्जे असतील, तर तेथे हा फरक अधिकच जाणवेल. बाल्कनी असल्यास पडदा खिडकीवर न लावता बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला लावावा, म्हणजे मधली फरशी आणि भिंतही तापत नाही.

बांबू उष्णतारोधक असल्यामुळे घर थंड राहते, असे विक्रेते सांगतात. बांबू उष्णतेचा मंद वाहक आहे हे खरे, पण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काडीचा रोध नगण्य असतो. चिकाचा पडदा काम करतो तो सावली देऊन, आणि ती सावली किती दाट हे विणीवर ठरते.

येथे भूमितीचा एक सुंदर भाग येतो. समजा, ३ मिलिमीटर जाडीच्या गोल काड्या आडव्या विणल्या आहेत आणि दोन काड्यांमध्ये १ मिलिमीटरची फट आहे. समोरून सरळ पाहिले तर पडद्याचा चौथा हिस्सा मोकळा असतो, म्हणून आतून अंगण दिसते आणि खोलीत वाचण्यापुरता उजेड राहतो. पण ऊन वरून तिरपे येते. त्याच्या दिशेने पाहिले तर काड्या एकमेकींच्या जवळ सरकल्यासारख्या दिसतात आणि फट आकसते. चार वाजता या पडद्यातून थेट उन्हाचा केवळ पाच-सहा टक्के भाग आत येतो. सूर्य ४१ अंशांपेक्षा वर असेल तर मुळीच येत नाही. पाच वाजता हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास जाते, पण तोवर ऊनही मवाळ झालेले असते. पातळ, चपट्या कामट्यांच्या पडद्याला हा लाभ फार थोडा मिळतो, आणि उभ्या काड्यांच्या पडद्याला पश्चिमेकडे जवळजवळ मिळतच नाही. म्हणून गोल काड्यांची, आडवी, बारीक फटींची वीण मी पहिली मानतो. दुकानात पडदा उजेडासमोर धरून पाहावा आणि मग तो तसाच धरून डोळा वर नेत तिरपे पाहावे. फटी मिटताना स्पष्ट दिसतात.

या फटींचा कूलरलाही उपयोग होतो. कूलर एका खिडकीतून हवा आत ढकलतो तेव्हा तिला दुसरीकडून बाहेर पडायला वाट हवी असते. ती न मिळाल्यास खोली दमट होते. विणीतून ही हवा निघून जाते. दिवसा बाहेर उजेड जास्त असल्यामुळे रस्त्यावरून आतले दिसत नाही, पण रात्री दिवे लागले की उलट होते, म्हणून शयनगृहात आतून एक कापडी पडदा हवाच. मात्र वाळ्याच्या ताट्यांप्रमाणे चिकावर पाणी मारू नये. वाळ्याची मुळे पाणी धरून ठेवतात. बांबूची गुळगुळीत, सिलिकायुक्त साल ते धरत नाही, आणि सतत भिजलेल्या काड्यांवर बुरशी धरते.

बांबू हे गवत आहे. त्याचे बळकट तंतू खोडाच्या बाहेरच्या भागात दाट आणि आत विरळ असतात, म्हणून सालीकडच्या भागापासून काढलेली काडी गाभ्याच्या काडीपेक्षा चिवट असते. गाभ्यात पिष्ट जास्त असते आणि त्याच पिष्टासाठी भुंगेरे बांबू पोखरतात. पडद्याखाली पिवळसर भुकटी सांडू लागली की ते आत शिरले असे समजावे. तीन-चार वर्षांचा पक्व बांबू, पाण्यात भिजवून पिष्ट कमी केलेला किंवा बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला असेल, तर हा धोका पुष्कळ घटतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला मानवेल आणि कटांग या जातींचा बांबू आपल्या इतक्या जवळ असताना, आपल्या भागातल्या बुरूड कारागिराकडून मापाने पडदा विणून घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण बांबू कोणता, त्यावर प्रक्रिया काय केली आणि दोरा कोणता हे त्याला विचारता येते.

दोऱ्याचा प्रश्न किरकोळ नाही. पडदा निकामी होतो तो बहुधा काड्या मोडून नव्हे, तर ऊन आणि ओल यांनी सुती दोरा कुजून. बाहेर लावण्यासाठी पॉलिएस्टरचा दोरा मागावा. नायलॉन उन्हात त्याच्यापेक्षा लवकर कमकुवत होतो. काड्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला तर ओल आत शिरण्याचा वेग कमी होतो, पण तेल पूर्ण वाळण्यासाठी काही दिवस द्यावे लागतात.

माप घेताना पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेंटीमीटर रुंद धरावा. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, त्यामुळे संध्याकाळचे ऊन उत्तरेकडच्या कडेने आत डोकावते. काच आणि पडदा यांच्यात दहा-एक सेंटीमीटर अंतर आणि वरची बाजू मोकळी असावी, म्हणजे तापलेली हवा अडकत नाही. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात सुटा पडदा काचेवर आपटतो, म्हणून खालच्या पट्टीला दोन्ही टोकांना कड्या हव्यात. मृग लागला की पडदा उतरवून, वाळवून ठेवावा. दक्षिणेच्या खिडकीला पडदा असलाच तर तो हिवाळ्यात गुंडाळलेलाच बरा, कारण डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो आणि ते ऊन घरात हवेसेच असते.

घरात लहान मूल असेल तर ओढायच्या दोरीकडे खरेदीच्या वेळीच लक्ष द्यावे. लोंबणारी दोरी किंवा तिचा फास मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकतो. दोरी गुंडाळण्याची खुंटी मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बसवावी, जवळ पलंग किंवा खुर्ची ठेवू नये, आणि हे जमण्यासारखे नसेल तर दोरीऐवजी हाताने गुंडाळून वरच्या पट्ट्यांनी बांधायचा पडदा घ्यावा.