कावळ्याच्या उघड्या चोचीत काय चाललंय?

आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मी अधूनमधून पक्ष्यांवर आणि आसपासच्या निसर्गावर बोलतो. मे महिन्यातलं भाषण संध्याकाळी साडेसहालाच ठेवावं लागतं. त्याआधी नागपुरात कोणाला घराबाहेर काढायचं म्हणजे पाप. यंदा मी हरियालवर बोलणार होतो. आपला राज्यपक्षी, पिंपळाच्या पानांत बसला की समोर असूनही दिसत नाही, अशी सुरुवातही केली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "भाऊ, ते हरियाल राहू द्या. आमच्या गच्चीवरचा कावळा दुपारभर आ वासून बसून राहते. मी पाणी ठेवते, तर दोन घोट घेते अन् पुन्हा आ वासते. त्याला झालं तरी काय?"

"ऊन लागलं असन," मागून कोणीतरी म्हणालं. "तहान," दुसरं कोणी. हरियालचे फोटो लॅपटॉपमध्येच राहिले आणि पुढचा तासभर आम्ही त्या उघड्या चोचीबद्दल बोललो.

कावळ्याला ऊन लागलेलं नव्हतं. ऊन लागू नये म्हणून तो कुलर चालवत होता.

आपलं शरीर ३७ अंशांचं, पक्ष्यांचं त्याहून गरम, साधारण ४० ते ४२. हवा ३० अंशांवर असते तेव्हा अंगातली जादा उष्णता आपोआप बाहेर जाते, कारण उष्णता नेहमी गरमाकडून थंडाकडे वाहते. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकला की हे गणित उलटतं. आता हवा पक्ष्यापेक्षा गरम, म्हणून उष्णता बाहेरून आत शिरू लागते. वारा घालून उपयोग नाही, तो वाराच गरम. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, पाणी उडवण्याचा.

पाण्याचं बाष्पीभवन ही निसर्गातली फार जबरदस्त गोष्ट आहे. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडून जाताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. साळुंकीचं वजन असतं साधारण १०० ग्रॅम. तिने एवढं एक ग्रॅम पाणी उडवलं, तर तिचं अख्खं शरीर जवळपास ७ अंशांनी उतरेल इतकी उष्णता निघून जाते. आपण हेच काम घामाने करतो. पक्ष्यांना घर्मग्रंथीच नसतात आणि वरून पिसांचं पांघरूण. मग ओला, रक्ताने भरलेला आणि हवेला उघडा असा पृष्ठभाग आणायचा कुठून? तोंडाच्या आतला. घसा, टाळू, श्वासनलिका. कावळा, चिमणी, साळुंकी चोच उघडून भराभर श्वास घेतात आणि त्या ओल्या भागावरून कोरडी हवा फिरवतात. कुलरच्या ओल्या गवतातून पंखा हवा ओढतो, तसंच.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. दुपारी नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या काठावर जाण्याची हिंमत असेल तर पाण्यातल्या खुंटावर पंख पसरून बसलेला पाणकावळा दुर्बिणीतून बघा. छाती जवळजवळ स्थिर असते, पण चोचीखालची गळ्याची कातडी थरथरत असते, इतकी जलद की पहिल्यांदा वाटतं दुर्बीणच हलते आहे. ही धाप नव्हे, हे गळा फडफडवणं. जिभेच्या मुळाशी नाजूक, लवचीक हाडांची एक चौकट असते, तिच्या हालचालीने तो फक्त गळ्याचा तळ वरखाली करतो. बगळे, घुबडं, रातवे आणि आपल्या कोंबड्याही हे करतात. रातवा तर दिवसभर उघड्या जमिनीवर पाचोळ्यासारखा पडून असतो, त्याचा रुंद जबडा म्हणजे केवढा तरी मोठा ओला पृष्ठभाग.

एवढ्या वेगाने स्नायू हलवायचे म्हणजे त्या मेहनतीनेच अंग तापायला हवं. मग फायदा काय? इथे झोका आठवा. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो, लय मोडून ढकललं तर दमछाक होते. पक्ष्याच्या गळ्याच्या आणि श्वसनमार्गाच्या लवचीक ऊतींनाही अशी स्वाभाविक लय असते. पारवा तापला की धापेचा वेग हळूहळू वाढवत नेत नाही. तो थेट मिनिटाला सहाशेच्या आसपास उडी घेतो, कारण ती त्याच्या शरीराची नैसर्गिक लय आहे. त्या लयीवर कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त हवा हलते. शाळेत आपण टेबलाच्या कडेला पट्टी धरून टिचकी मारायचो आणि ती आपल्याच सुरात घूंऽ करायची, त्याच तत्त्वावर रातव्याचा गळा चालतो हे मला कळलं त्या दिवशी मी हरखून गेलो होतो.

नुसत्या धापेत आणखी एक धोका आहे. हा भाग जरा रसायनशास्त्राचा आहे, पण तो सोडवत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल बनवतो, त्याचे हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट होतात, आणि या तिघांच्या तोलावर रक्ताचा सामू, म्हणजे ते किती आम्ल की अल्कधर्मी, हे ठरतं. फुप्फुसातून फार भराभर हवा खेळली की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, आम्ल घटतं, रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. आपणही मुद्दाम जोरजोराने श्वास घेतले की डोकं गरगरतं ते यानेच. गळा फडफडवणारे पक्षी हवा फुप्फुसापर्यंत नेतच नाहीत, वरच्यावर खेळवतात, त्यामुळे पाणी उडतं आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातच राहतो. धापणाऱ्यांनाही थोडी सोय आहे. त्यांची श्वासनलिका तेवढ्याच सस्तन प्राण्याच्या मानाने कितीतरी ऐसपैस असते, म्हणून उथळ श्वासातली बरीच हवा तिथेच येऊन जाऊन करते. नॉर्वेत जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९६९ साली दाखवलं की शहामृग कडक उष्णतेत तासन् तास धापूनही रक्ताचा तोल ढळू देत नाही.

कोंबडीला मात्र हे पूर्ण जमत नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरात येतो. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. धापून धापून रक्तातलं बायकार्बोनेट कमी झालं की टरफलाला कच्चा माल कमी पडतो. उन्हाळ्यात अंडी हातात घेताच तडकतात, टरफल पातळ लागतं, त्यामागे हे एक मोठं कारण. म्हणून तर पोल्ट्रीवाले उन्हाळ्यात खाद्यातून किंवा पाण्यातून खाण्याचा सोडा देतात.

अंड्यांवरून टिटवीचा विषय निघणारच होता. दर मे महिन्यात कुठे ना कुठे बातमी येते, टिटवीने चार अंडी घातली, म्हणजे पावसाळ्याचे चारही महिने पाऊस. उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलगटात घातली तर दुष्काळ. मंडळातही दोघांनी हे अगदी विश्वासाने सांगितलं. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. ओल्या वर्षी चार, कोरड्या वर्षीही चार. या अंदाजावर कोणी पेरणीचा दिवस ठरवत असेल तर नुकसान शेतकऱ्याचं होतं, म्हणून हे मी दरवेळी स्पष्ट सांगतो. आणि वाईट याचं वाटतं, की या नादात टिटवीचं खरं कर्तृत्व बघायचं राहून जातं.

ते मी आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर पाहिलं. मुरमात चार ठिपकेदार अंडी. दुपारी तिथली जमीन सहज ५० अंशांच्या पलीकडे जाते, आणि अंडं ४१-४२ च्या वर फार वेळ राहिलं तर आतला जीव दगावतो. म्हणजे या दिवसांत टिटवी अंडी उबवत नसते, ती त्यांना तापू देत नसते. ती अंड्यांवर पाय ताठ करून उभी होती, सूर्याकडे पाठ, सावली नेमकी अंड्यांवर. थोड्या वेळाने जोडीदार आला, ती उडाली आणि बांधकामाच्या हौदातून सांडलेल्या पाण्यात पोट टेकवून बसली, कोंबडी धुळीत बसते तशी अंग हलवत. परत आली तेव्हा पोटाची पांढरी पिसं चिकटून काळपट दिसत होती. ती ओली पिसं तिने अंड्यांवर टेकवली. पुन्हा तेच बाष्पीभवन, या वेळी अंड्यांसाठी.

अर्थात कुलर पाण्याशिवाय चालत नाही. कडक उन्हात लहान पक्ष्याच्या शरीरातून तासाला वजनाच्या चार-पाच टक्के पाणी उडू शकतं. पंचवीस ग्रॅमची चिमणी म्हणजे तासाला ग्रॅमभर. ते वाचवायला पक्षी आपलं अंग दोन-तीन अंश तापू देतात, म्हणजे बाहेरच्या हवेशी फरक कमी राहतो. पण अंग ४६ च्या पुढे तापलं की जिवावर बेततं. मेची दुपार निदान कोरडी तरी असते. जूनमध्ये ढग येतात, दमटपणा वाढतो, आपले कुलर नुसतं चिकचिक करतात, आणि पक्ष्यांच्या गळ्यातल्या कुलरचंही तेच होतं.

तेव्हा पाणी जरूर ठेवा. मातीचं पसरट भांडं, सावलीत, आत एक-दोन दगड, रोज घासून पाणी बदलायचं. नाहीतर आजार पसरतात आणि डासही होतात. ग्लुकोज, मीठ, बर्फ घालायला सांगणारे मेसेज फिरतात, त्यातलं काही करू नका. सोडाही नाही. साधं पाणी.

उठता उठता काकूंनी शेवटचा प्रश्न टाकला. "अन् त्याच कठड्यावरचे पारवे? ते तर तोंड मिटूनच बसून राहतात. काऊन?"

तासाभरात माझ्या सगळ्या बोलण्याला छेद देणारं निरीक्षण त्यांनी असं सहज केलं होतं. गळा फडफडवणं पारव्याला येतं, पण उन्हाला सरावला की त्याला त्याची फारशी गरज पडत नाही. घर्मग्रंथी नसूनही त्याच्या कातडीतूनच पाणी झिरपत उडत राहतं, इतकं की ५० अंशांच्या हवेतही तो न धापता बसू शकतो. फक्त त्यासाठी त्याला भरपूर प्यावं लागतं. तो पितोही वेगळा. चिमणीसारखी दर घोटाला मान वर करत नाही, पाण्यात चोच बुडवून सलग ओढत राहतो.

"हो ना," काकू म्हणाल्या, "मी ठेवलेलं अर्धं भांडं तर तोच संपवते."