मुठीत मावणारी भट्टी

मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे डिचोलीला आला होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी पडवीत बसलो असताना त्याने मोबाइलवर व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटचे, दोन फोटो दाखवले. एकात पेनड्राइव्हसारखं चपटं काळं उपकरण होतं, दुसऱ्यात जांभळ्या रंगाची बुटकी नळी. पहिलं पुन्हा पुन्हा भरता येणारं, दुसरं संपलं की टाकायचं. "मामा, ह्यातलं कुठलं बरं? मित्राला हवं आहे."

मी हायर सेकंडरीत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. दोन्ही वस्तू भारतात बेकायदा आहेत, हे त्याला आधी सांगितलं. 2019च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. पहिल्यांदा विकताना सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण एवढं सांगून मी गप्प बसलो असतो तर त्याने तोच प्रश्न इंटरनेटवर विचारला असता, आणि तिथे उत्तर देणारा बहुधा विकणाराच असतो. म्हणून कागद-पेन घेऊन बसलो.

काजूची भट्टी त्याने लहानपणापासून पाहिली आहे. भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, आंबवलेला रस तापतो, वाफ नळीतून बाहेर येते, थंड होते आणि दुसऱ्या भांड्यात हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, ठिबकतो. व्हेपमध्येही अशीच एक भट्टी असते, फक्त मुठीत मावणारी. भाणाच्या जागी एक-दोन मिलिलिटरची टाकी, जाळाच्या जागी लिथियमची बॅटरी आणि तारेचं बारीक वेटोळं. तारेला कापसाची वात भिडलेली असते, ती द्रव शोषून घेते. तोंडाने ओढलं की आतल्या सेन्सरला हवेचा दाब बदललेला कळतो, तार तापते आणि द्रवाची वाफ होते. ही वाफ थंड होऊन ठिबकायला वेगळं भांडं मात्र नाही. ते काम ओढणाऱ्याचं तोंड, घसा आणि फुप्फुसं करतात. आपल्याला जो पांढरा ढग दिसतो तोही खरं तर वाफ नसते. वाफेचे पुन्हा झालेले ते सूक्ष्म थेंब असतात, आणि त्या थेंबांत द्रवातलं जवळजवळ सगळं असतं: प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि निकोटीन.

आता भाच्याचा प्रश्न. आकाराने लहान असणं ही या दोन्ही उपकरणांची मोठी जाहिरात आहे, आणि माझ्या मते नेमकं तिथेच थांबून विचार करायला हवा. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने 2003मध्ये आजच्या ई-सिगारेटचा पाया घातला. पुढे बाजारात आलेली दमदार उपकरणं चांगली जाडजूड होती. त्याला कारण वीज. लिथियमची एक बॅटरी साधारण 3.7 व्होल्ट देते. तारेचा रोध एक ओहम धरला तर शक्ती निघते व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे जेमतेम 14 वॅट. मोठी उपकरणं 50-60 वॅटवर चालतात. ती एका झुरक्यात भरपूर द्रव उडवतात, त्यामुळे त्यांच्या द्रवात मिलिलिटरला तीन मिलिग्रॅम निकोटीन असलं तरी भागतं. चिमुकल्या उपकरणाला एवढा ढग करताच येत नाही. थोड्या ढगातून तितकंच निकोटीन पोचवायचं तर द्रव कडक करावा लागतो.

पण कडक द्रव घशाला सोसत नाही. निकोटीन हे आम्लारी आहे. मोकळ्या रूपातलं निकोटीन मिलिलिटरला 20-30 मिलिग्रॅमवर गेलं की घसा जळतो, ठसका लागतो. ही अडचण सोडवली ती क्षाराने. निकोटीनमध्ये बेंझोइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळलं की त्याचा क्षार तयार होतो, द्रवाचा सामू (pH) उतरतो आणि तीच मात्रा घशातून अलगद खाली जाते. अमेरिकेत 2015मध्ये आलेल्या जूल या उपकरणाने ही युक्ती घरोघरी नेली. त्याच्या 0.7 मिलिलिटरच्या पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या छोट्या कुपीत, वजनाने पाच टक्के निकोटीन होतं. उपकरण पेनड्राइव्हएवढं झालं ते या रसायनामुळे. ठसका म्हणजे शरीराने घातलेला अडसर असतो, आणि तोच इथे काढून टाकला आहे. सवय नसलेल्या मुलाला पहिली सिगारेट खोकायला लावते. हे उपकरण पहिल्याच दिवशी आंब्याच्या चवीचं आणि मऊ लागतं.

भाच्याला हिशेब करायला लावला. युरोपीय संघात मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आणि टाकीला दोन मिलिलिटर अशी कमाल मर्यादा आहे, म्हणजे टाकीत 40 मिलिग्रॅम. त्याने दाखवलेल्या जांभळ्या नळीवर लिहिलं होतं दहा मिलिलिटर, पाच टक्के. गुणाकार केला तर 500 मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. नळीतलं सगळंच काही रक्तात उतरत नाही, पण 500 हा आकडा पाहून तो कागदाकडे बघत राहिला. पाकिटावर ठळक अक्षरांत झुरक्यांची संख्या होती. मिलिग्रॅमचा हा आकडा कुठेच नव्हता.

मग भरता येणारं बरं का? एका बाबतीत त्यात फरक पडतो, आणि तो तापमानाचा आहे. पेजेचं भांडं चुलीवर असतं तेव्हा आत पाणी आहे तोवर ते करपत नाही. आटलं की करपतं. तारेचंही तसंच. वात ओली आहे तोवर तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहतं. प्रोपिलीन ग्लायकॉल 188 अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन 290ला. वात सुकली की तार त्याच्या वर जाते आणि द्रव मोडून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखे पदार्थ बनतात. पारदर्शक पॉडमध्ये किती द्रव उरला ते दिसतं आणि जुनी वात बदलता येते. बंद नळीत यातलं काहीच कळत नाही, करपट चव आली की समजायचं. तारेतून सुटणारं निकेल आणि क्रोमियम मात्र दोन्ही प्रकारांच्या ढगांत सापडतं.

स्वादांविषयी मला जास्त काळजी वाटते. खाण्यासाठी सुरक्षित म्हणजे श्वासासाठी सुरक्षित, असं नसतं. 2000 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातले कामगार फुप्फुसांच्या बरा न होणाऱ्या आजाराने ग्रासलेले आढळले. लोण्याचा वास देणारं डायॲसिटिल ते रोज हुंगत होते. हेच रसायन पुढे काही व्हेपच्या द्रवांतही सापडलं. आणि 2019च्या साथीत अमेरिकेत फेब्रुवारी 2020पर्यंत व्हेपशी जोडलेल्या फुप्फुसांच्या आजाराने 2,807 जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत 68 मृत्यू होते. मुख्य संशयित ठरलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. प्रामुख्याने टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाने भरलेल्या चोरट्या कुप्यांत ते द्रव दाट दिसावा म्हणून घातलेलं होतं. चोरटा माल तपासायला कोणी नसतं. गोव्यात जे मिळतं ते सगळं चोरटंच आहे, त्यामुळे पाकिटावरची टक्केवारी खरी मानून दोन उपकरणांची तुलना करणं मला शास्त्राला धरून वाटत नाही.

इंग्लंडमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना डॉक्टर व्हेप सुचवतात, हेही मी त्याच्यापासून लपवलं नाही. सिगारेटपेक्षा त्याचा अपाय बराच कमी, असं तिथल्या तज्ज्ञांचं मत आहे. पण ती तुलना जळत्या तंबाखूशी आहे, मोकळ्या हवेशी नाही, आणि तिथला द्रव मर्यादेत बांधलेला असतो. आपल्या गोव्याने 1997मध्येच सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध कायदा केला, 2005मध्ये गुटखा बंद केला. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधलं तंबाखूचं प्रमाण देशात 28.6 टक्के होतं आणि गोव्यात 9.7. ज्या मुलाच्या घरात कोणी विडीही ओढलेली नाही, त्याने काय सोडण्यासाठी व्हेप घ्यायचा?

भाचा पणजीला परतला. आठवड्याने त्याचा फोन आला. "मामा, मित्र विचारतो, सकाळी उठल्या उठल्या हात तिकडेच का जातो?"

मित्राने ते आधीच घेतलेलं होतं तर. मी सांगितलं, निकोटीन रक्तातून दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं. रात्रभराच्या झोपेत ते जवळजवळ संपतं आणि त्याची सवय लागलेला मेंदू जागा होतो तो रिकामा. उठल्यावर पहिला झुरका किती मिनिटांनी, हा व्यसन मोजणाऱ्या डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न आहे.

"तो म्हणतो, पाच मिनिटं."

तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक 1800-11-2356 त्याला लगेच पाठवला. मित्राला घेऊन ये म्हटलं, चवथीच्या सुट्टीची वाट बघू नको, रविवारीच या.