५.२ चं रील की ७.१ चं? आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी नव्हे

चाळीसगावकडचा आमचा एक दोस्त ट्रॅक्टरचं काम करतो. गिअरबॉक्स डोळे मिटून उघडेल असा माणूस. लुअरचा, म्हणजे नकली आमिषाने मासे धरण्याचा, नाद लागल्यावर त्याने रॉडवर लाइन (दोरी) गुंडाळणारं पहिलंच रील घेतलं ते ७.१:१ चं. का, तर “आकडा मोठा म्हंजे ताकत मोठी शे भाऊ.”

ट्रॅक्टरपुरतं त्याचं बरोबरच आहे. पहिल्या गिअरला इंजिनाचे पुष्कळ फेरे होतात तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं, म्हणून रेशोचा आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त. कन्नडचा घाट चढताना आपण खालचा गिअर टाकतो तो यासाठीच. रीलमध्ये मात्र सगळं उलटं. इथे इंजिन म्हणजे आपला हात. तो एक फेरा मारतो आणि स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, सात फेरे घेतं. स्पिनिंग रील असेल तर स्पूल जागेवर राहतं आणि लाइन गुंडाळणारा रोटर त्याच्याभोवती फिरतो, हिशेब तोच. म्हणजे रीलवरचा आकडा वेगाचा आहे. आकडा वाढला की वेग वाढतो, ओढ घटते.

किती घटते? बेटकास्टरचं (ज्यात स्पूलच फिरतं ते रील) भरलेलं स्पूल ३२ मिलिमीटर व्यासाचं धरा. त्याचा घेर साधारण १० सेंटिमीटर. ५.२ च्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्यात ५२ सेंटिमीटर लाइन आत येते, ७.१ वर ७१. हँडलची मूठ मध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर असेल, तर एका फेऱ्यात हात २८ सेंटिमीटर फिरतो. आता मुठीवर एक किलोचा जोर लावला, तर लाइनवर पहिल्या रीलमध्ये साधारण ५४० ग्रॅम पोचतात आणि दुसऱ्यात ४००. घर्षणात जाईल ते वेगळं. दोन्हींत जोर निम्म्याच्या आसपासच उरतो, हे पाहून दोस्ताचा चेहरा उतरला होता. म्हणून तर मोठा मासा रीलने ओढत नाहीत. रॉड उचलून मासा जवळ घ्यायचा आणि रॉड खाली नेताना सुटलेली लाइन गुंडाळायची.

मग ७.१ कशाला? मरळीसाठी.

पाझर तलावाच्या कडेला जलपर्णी दाटलेली असते, तिच्यावर फ्रॉग, म्हणजे बेडकासारखा लुअर, टाकला. फ्रॉगला जीव येतो तो रॉडच्या शेंड्याने. टुक टुक असे हलके झटके द्यायचे, आणि दर झटक्यानंतर लाइनला ढील पडते. ती ढील उचलणं एवढंच रीलचं काम. मरळ खालून धडकते, पाणी फुटतं, आणि नेमकं तेव्हा हात आवरायचा असतो. फ्रॉग तिच्या तोंडात नीट जाऊ द्यायचा, ढील झरकन गुंडाळायची, मग हिसका. हुक बसला की पुढचे काही क्षण सगळ्यात महागाचे. ती परत झाडोऱ्यात शिरली तर विणलेली मजबूत ब्रेड लाइनसुद्धा फार कामी येत नाही. या घाईत एका फेऱ्यात ५२ ऐवजी ७१ सेंटिमीटर आत येणं म्हणजे मासा हाती लागणं. ५.२ वर मी दोन मरळी अशाच घालवल्या आहेत. हात पंख्यासारखा फिरवला, तरी ढील संपेना.

जिग (वजनदार डोक्याचा हुक) आणि रबरी अळीचंही थोडंफार असंच. चाल रॉडने द्यायची, रीलने फक्त ढील उचलायची. तिथेही मोठा आकडा चालतो.

खोल जाणाऱ्या क्रँकची, म्हणजे माशाच्या आकाराच्या लुअरची, गोष्ट वेगळी. त्याची रुंद लिप (तोंडापुढची पट्टी) पाणी कापत खाली जाते आणि पूर्ण वेळ हाताशी भांडते. त्याची चाल रीलच्या फिरण्यातूनच येते, रॉड नुसता धरून ठेवायचा. गिरणा धरणाच्या किंवा हतनूरच्या खोल पाण्यात सकाळभर असा क्रँक ७.१ वर ओढून पाहा, दहा वाजता मनगट बोलायला लागेल. शिवाय हात नकळत जास्त वेगाने ओढतो आणि क्रँक आडवा पडायला लागतो. इथे ५ च्या आसपासचं रील हवं. फिरत्या मोठ्या पात्याच्या स्पिनर लुअरचंही तेच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पाणी गारठतं आणि मासा सुस्तावतो, तेव्हाही संथ रील बरं. जलद रील हळू फिरवता येतं हे खरं, पण चार तास आठवण ठेवून हळू फिरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

स्पून (चमच्यासारखा लुअर), मध्यम क्रँक, पॉपर (पाण्यावर आवाज करणारा लुअर) यांना ६ च्या जवळपासचा आकडा पुरतो. एकच रील घ्यायचं असेल तर मी तेच घेईन. (धरणावर टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराला विचारून घ्या, नाहीतर रीलचा रेशो राहील बाजूला.)

आता दुसरा घोटाळा, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा. दोन रीलांचे नुसते आकडे समोरासमोर ठेवून निवड करू नका. २५०० साइजच्या स्पिनिंग रीलचं स्पूल ४५ मिलिमीटरचं धरलं, तर घेर १४ सेंटिमीटर होतो. ५.२ रेशोला एका फेऱ्यात ७३ सेंटिमीटर लाइन येते, म्हणजे वरच्या ७.१ च्या बेटकास्टरपेक्षाही जास्त! आकड्याने संथ वाटणारं रील प्रत्यक्षात जलद निघतं. शिमानोच्या स्पिनिंग रीलवर पीजी, एचजी, एक्सजी अशी अक्षरं असतात. पीजी संथ, एक्सजी सगळ्यात जलद. पण तीही त्याच साइजच्या रीलांत तुलना करायलाच कामाची. बघायचा आकडा एकच : हँडलच्या एका फेऱ्यात किती सेंटिमीटर. बहुतेक खोक्यांवर तो बारीक अक्षरात छापलेला असतो.

दोस्ताने खोक्यावर विश्वास ठेवला नाही. लाइनवर पेनाने खूण केली, एक फेरा मारला आणि गॅरेजमधला टेप लावला. भरले ६३. छापलेले ७१ कुठे गेले म्हणून दुकानदाराला फोन लावणार होता, तेवढ्यात मी स्पूल दाखवलं. झाडोऱ्यात तोडून तोडून लाइन निम्मी उरली होती, ३२ चा व्यास २८ वर आला होता.