महिनाअखेरीची सपाट रेष

माझी भाची आमच्याकडे राहून सीएचा अभ्यास करते. तिचे बरेचसे क्लास ऑनलाइन असतात. मागच्या महिन्याच्या २५ तारखेला संध्याकाळी सरांचा चेहरा पडद्यावर गोठला, आवाज तुटायला लागला. राऊटर बंद-चालू करून झाला. केबलवाल्या दादांना फोन केला, तर ते म्हणाले, "लाइनवर लोड आहे, मॅडम." रात्री साडेआठला मी स्पीड टेस्ट केली, ०.९७ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटही नाही. पहाटे ५ ला उठून परत केली. तेव्हाही ०.९७.

दादांचं म्हणणं तिथेच मला पटेनासं झालं. गर्दीमुळे मंदावलेलं नेट दिवसभर एकसारखं कधीच नसतं. रात्री ९ ला रखडतं, पहाटे सुसाट धावतं. दोन्ही वेळी आकडा तोच आणि तोही जेमतेम १ च्या खाली, म्हणजे वेगाला कोणीतरी मुद्दाम मर्यादा घातलेली आहे. आमचा 'एफयूपी' संपला होता.

एफयूपी म्हणजे फेअर युसेज पॉलिसी. महिन्याला ठरावीक जीबीपर्यंत पूर्ण वेग, त्यानंतर नेट चालू राहतं पण वेग पार खाली येतो. त्यासाठी कोणी येऊन तुमच्या वायरला हात लावत नाही. तुमचा राऊटर सुरू झाला की कंपनीच्या सर्व्हरकडे तुमची ओळख पटवली जाते आणि किती डेटा आला-गेला याची नोंद सतत होत राहते. अनेक प्लॅनमध्ये अपलोडही त्यात धरतात, म्हणजे मोबाइलमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढतात तेही. मर्यादा ओलांडली की तुमच्या नावापुढचा, समजा, १०० एमबीपीएसचा आकडा पुसून तिथे १ लिहिला जातो. फायबर तोच, त्यातला प्रकाशही तोच.

मग वेग प्रत्यक्षात कमी कसा होतो? एक बादली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात ठरलेल्या गतीने टोकन पडत राहतात. नेटवरचा डेटा छोट्या छोट्या पाकिटांत जातो आणि प्रत्येक पाकिटाला पुढे जायला त्यातलं टोकन लागतं. बादली रिकामी असेल तर पाकीट रांगेत थांबतं किंवा टाकून दिलं जातं. थोडा वेळ काही न वापरता राहिलात की बादलीत टोकन साठतात. म्हणून कधीकधी पहिलं पान झटकन उघडतं आणि पुढचं अडतं.

पाकीट हरवलं की पाठवणारा संगणक स्वतःहून हात आखडता घेतो. ही शिस्त नेटला एका मोठ्या फजितीनंतर लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या, जेमतेम ४०० यार्डांवरच्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि पाकिटं हरवताहेत असं दिसताच मागे सरायची रीत बसवून दिली. तेव्हापासून ती रीत नेटला कोलमडण्यापासून वाचवते आहे. वेगाला घातलेली मर्यादाही तिच्याच आधाराने काम करते.

१ एमबीपीएसने काय होतं, याचं गणित सरळ आहे. १ जीबी म्हणजे ८ हजार मेगाबिट, म्हणजे ८ हजार सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. भाचीचं एक लेक्चर साधारण तेवढ्याच आकाराचं असतं.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. प्रत्येक घराला स्वतंत्र १०० एमबीपीएस राखून ठेवायचे म्हटलं तर बिल कोणाला परवडणार नाही. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, या भरवशावर जोडण्या विकल्या जातात. हे शास्त्र जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या लाइनींसाठी याच प्रश्नाचं गणित मांडायला सुरुवात केली होती. आज आपल्या इमारतीत येणारा फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचा असतो. त्यात एकाच फायबरमधले सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे २,५०० एमबीपीएस, ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकाच वेळी ५ एमबीपीएसचा एचडी व्हिडिओ लावला तरी ३२० एमबीपीएस होतात, क्षमतेच्या जेमतेम आठवा हिस्सा. गल्लीतला फायबर सहसा तुंबत नाही. पैसा लागतो तो पुढे, मोठ्या कंपनीकडून घेतलेल्या बँडविड्थला, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेला.

आणि तिथलं बिल कसं आकारतात ते पाहिलं की एफयूपीतली गफलत कळते. दर ५ मिनिटांनी वेग मोजतात, महिन्यातली सर्वांत जास्त वापराची ५ टक्के मोजमापं, म्हणजे ३६ तासांची, बाजूला काढतात आणि उरलेल्यांत जो सर्वांत मोठा आकडा असेल त्यावर दर लावतात. ही सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे. तिथे गर्दीच्या वेळचा वेग मोजला जातो, महिन्याचे एकूण जीबी नव्हे. डेटा टाकीतल्या पाण्यासारखा संपत नाही. पहाटे ३ ला रिकामी राहिलेली वाट रात्री ९ साठी साठवून ठेवता येत नाही. म्हणून मध्यरात्रीनंतर ५०० जीबी उतरवणाऱ्याचा शेजाऱ्याला काडीचा त्रास होत नाही, पण एफयूपी नेमकं त्यालाच पकडतं.

मला वाटतं, जुन्या लोकांना हे जास्त नीट कळलं होतं. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. त्याच्या 'होम ५००' प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ मोजणी बंद असायची. आम्ही गजर लावून उठायचो, डाउनलोड लावून परत झोपायचो. वेग तुटपुंजाच होता, पण भार हलका असताना ग्राहकाला मोकळीक द्यायची, हा विचार अचूक होता. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागल्यावर भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर एचडी बंद करून ४८०पी दर्जा ठेवला, तोही याच जातीचा उपाय. गर्दी झाली तेव्हा सगळ्यांनी थोडं कमी घेतलं.

आज 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. आकडा प्रचंड वाटतो आणि साध्या घराला तो पुरतोही. पण १०० एमबीपीएसने सलग उतरवलं तर तो साधारण ७३ तासांत, म्हणजे तीन दिवसांत संपतो. आमचा प्लॅन स्वस्तातला, मर्यादा त्याहून खूपच कमी.

दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपन्यांना सांगितलं की मर्यादा किती, तिच्याआधी वेग किती आणि नंतर किती, हे ग्राहकाला स्पष्ट कळवा, आणि घरगुती ब्रॉडबँड ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या, खाली नेऊ नका. तेव्हा ब्रॉडबँडची व्याख्याच किमान ५१२ केबीपीएसची होती. जानेवारी २०२३ पासून ती २ एमबीपीएस झाली आहे. म्हणजे महिन्याचे शेवटचे सहा दिवस आम्ही जे वापरत होतो, ते सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड नव्हतंच. बिल मात्र पूर्ण महिन्याचं आलं.

१ तारखेला पहाटे टेस्ट लावली, ९४ एमबीपीएस. नंतर दादांना फोन करून दोनच प्रश्न विचारले. मर्यादेनंतर वेग किती, आणि अपलोड मोजता का? पहिल्याचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्यासाठी "ऑफिसला विचारून सांगतो" म्हणाले.