‘हाबेरे’चा भविष्यकाळ

इंग्रजीतील ‘हॅव’ आणि लॅटिनमधील ‘हाबेरे’ ही दोन्ही क्रियापदे ‘जवळ असणे’ याच अर्थाची आहेत आणि उच्चारानेही इतकी जवळची आहेत की, त्यांचे मूळ एकच असणार असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. इंग्रजी-जर्मन कुळातील भाषांत शब्दाच्या आरंभीचा जुना ‘क’ नियमाने ‘ह’ झालेला आहे; म्हणून लॅटिन ‘कोर्नू’ (शिंग) तर इंग्रजी ‘हॉर्न’, लॅटिन ‘केन्तुम’ (शंभर) तर इंग्रजी ‘हंड्रेड’. या हिशेबाने ‘हॅव’चा लॅटिनमधला खरा नातलग ‘कापेरे’, म्हणजे ‘पकडणे’, हा ठरतो. ‘हाबेरे’तला ‘ह’ वेगळ्या ध्वनीतून आलेला असून त्याचे नाते बहुतेक अभ्यासक इंग्रजी ‘गिव्ह’शी लावतात. सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांच्या जोड्या मांडून जगातील सगळ्या भाषा एकाच भाषेतून निघाल्याचे ‘सिद्ध’ करणारे संदेश मोबाईलवर फिरत असतात. ते पुढे ढकलण्यापूर्वी ही एक जोडी आठवावी. भाषांचे नाते नियमित ध्वनिबदलांवरून ठरते, कानाला जाणवणाऱ्या साम्यावरून नव्हे.

‘हाबेरे’ची अस्सल संतती मात्र ऐकून ओळखू येत नाही. फ्रेंचमधील नुसता ‘आ’, इटालियनमधील ‘ओ’, स्पॅनिशमधील ‘आय’, पोर्तुगीजमधील ‘एई’ ही सगळी त्याचीच रूपे आहेत. लॅटिनमध्ये या क्रियापदाचा पसारा मोठा होता: धरणे, बाळगणे, राखणे, एखाद्याला अमुक समजणे. ‘दे’ हा उपसर्ग लागून ‘देबेरे’ झाले, म्हणजे दुसऱ्याचे काही आपल्याकडे असणे, अर्थात देणे लागणे. त्यातूनच पुढे आलेला ‘डेबिट’ हा शब्द बँकेच्या संदेशांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. स्पॅनिश खतावणीत आजही एका रकान्यावर ‘देबे’ आणि दुसऱ्यावर ‘आबेर’ असे लिहितात. पहिले ‘देबेरे’चे रूप, दुसरे ‘हाबेरे’चे.

पण या क्रियापदाची खरी करामत आहे ती भविष्यकाळात. लॅटिनचा भविष्यकाळ ध्वनिबदलांनी पोखरला गेला होता. ‘कान्ताबित’ म्हणजे ‘तो गाईल’ आणि ‘कान्तावित’ म्हणजे ‘तो गायला’. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत दोन स्वरांमधल्या ‘ब’ आणि ‘व’ यांचा उच्चार एकच झाला आणि भूत व भविष्य यांतला फरक ऐकू येईनासा झाला. दुसऱ्या एका गणातील ‘दिकिस’ (तू म्हणतोस) आणि ‘दिकेस’ (तू म्हणशील) यांच्यातले स्वरही असेच एकमेकांत मिसळले.

त्याच सुमारास दुसरी एक रचना वापरात रुळत होती. क्रियापदाचे मूळ रूप, म्हणजे आपल्या ‘गाणे’, ‘देणे’ यांसारखे, घ्यायचे आणि त्याला ‘हाबेरे’ जोडायचे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वक्ता सिसेरो मित्राला कळवतो की, राज्यकारभाराविषयी ‘तुला लिहायला माझ्याकडे काही नाही’, तेव्हा त्या वाक्यात ‘हाबेओ’चा अर्थ अजून ‘माझ्याकडे आहे’ असाच आहे. इ.स. 200च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन हीच रचना ‘व्हायचेच आहे’, ‘घडणे विधिलिखित आहे’ अशा अर्थाने सर्रास वापरतो. मराठी वाचकाला ही वाट अनोळखी वाटू नये. ‘मला उद्या पुण्याला जायचे आहे’ या वाक्यात कर्तव्य किती आणि भविष्य किती हे बोलणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. अर्थ सरकतो तो अशाच दुहेरी वाक्यांतून.

त्यानंतर उच्चार झिजला. ‘दारे हाबेस’ म्हणजे ‘तुला द्यायचे आहे’. यातील ‘हाबेस’चे ‘आस’ झाले आणि दोन्ही शब्द चिकटून ‘दारास’ झाले. हे कधी घडले याचा एक लेखी पुरावा मिळतो, तो मोठा गमतीचा आहे. फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातव्या शतकातील बखरीत दारास नावाच्या शहराची कथा येते. हरलेला पर्शियन राजा पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनला म्हणतो, ‘नोन दाबो’, म्हणजे ‘मी देणार नाही’. सम्राट उत्तरतो, ‘दारास’, म्हणजे ‘देशील’. आणि म्हणून शहराचे नाव पडले दारास. कथा सपशेल खोटी आहे. हे शहर जस्टिनियनच्या आधी सम्राट अनास्तासियसने वसवले होते; त्याचे अवशेष आजच्या तुर्कस्तानात मार्दिनजवळ आहेत. परंतु नावाची ही बनावट व्युत्पत्ती रचणाऱ्याच्या कानाला ‘दारास’ म्हणजे ‘देशील’ हे ओळखीचे होते, आणि भाषेच्या अभ्यासकाला तेवढेच हवे असते. शिवाय राजाच्या तोंडी जुने ‘दाबो’ आणि सम्राटाच्या तोंडी नवे ‘दारास’ असे दोन्ही भविष्यकाळ एकाच संवादात शेजारी शेजारी आले आहेत. पुढे 14 फेब्रुवारी 842 रोजी स्ट्रासबुर्ग येथे ‘जर्मन लुडविग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रँकिश राजाने आपला भाऊ शार्ल याच्या सैन्यासमोर त्या सैन्याच्या भाषेत, म्हणजे फ्रेंचच्या पूर्वरूपात, शपथ घेतली. तिच्यात ‘साल्वाराई’ (मी रक्षण करीन) आणि ‘प्रिन्द्राई’ (मी घेईन) अशी एकजीव झालेली रूपे आहेत.

हा जोड आजही उघडून दाखवता येतो. स्पॅनिशमध्ये ‘हाबेरे’चा वर्तमानकाळ ‘ए, आस, आ, एमोस, आन’ असा चालतो; ‘गाणे’ या अर्थाच्या ‘कान्तार’ला तो नुसता मागे लावला की ‘कान्तारे, कान्तारास, कान्तारा, कान्तारेमोस, कान्तारान’ हा भविष्यकाळ तयार होतो. स्पॅनिश विद्वान नेब्रिखाने 1492 साली कॅस्टिलियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्यालाही ही घडण दिसली होती. आघात शेवटी गेल्यामुळे काही क्रियापदांत मधला स्वर गळाला: ‘वेनिर’चे ‘वेनिरा’, त्याचे ‘वेन्रा’, आणि ‘न’नंतर ‘र’ म्हणताना जीभ आपसूक ‘द’वर टेकते म्हणून ‘वेन्द्रा’. पोर्तुगीजमध्ये तर शिवण अजून पुरती मिटलेलीच नाही. औपचारिक लेखनात ‘मी त्याला देईन’ हे ‘दार-ल्ये-एई’ असे लिहितात, म्हणजे ‘त्याला’ हे सर्वनाम क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध बसते. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीचे कागद वाचणाऱ्याला ही रचना ठाऊक असावी लागते. जो ‘प्रत्यय’ मध्ये दुसरा शब्द शिरू देतो, तो एकेकाळी स्वतंत्र शब्द होता हे वेगळे सांगायला नको. अशा स्थित्यंतराला ‘व्याकरणीकरण’ म्हणतात. ही संज्ञा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1912 मध्ये रूढ केली.

लॅटिनमधून निघालेल्या सगळ्याच भाषा या वाटेने गेल्या नाहीत. रोमानियनने ‘इच्छिणे’ या अर्थाच्या क्रियापदावरूनही भविष्यकाळ घडवला. सार्डिनियनमध्ये ‘हाबेरे’ आहे, पण ते क्रियापदाच्या आधी आणि सुटेच राहिले.

पूर्ण वर्तमानकाळातही ‘हाबेरे’ शिरले. ‘एपिस्तुलाम स्क्रिप्ताम हाबेओ’ म्हणजे आधी ‘लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे’, आणि कालांतराने ‘मी पत्र लिहिले आहे’. ‘लिहिलेले’ हे मुळात पत्राचे विशेषण असल्यामुळे फ्रेंचमध्ये कर्म आधी आले, तर कृदंताचे लिंग अजूनही कर्माप्रमाणे बदलते. हा नियम पाठ करताना विद्यार्थी वैतागतात. मराठी विद्यार्थ्याने तसे करण्याचे कारण नाही, कारण ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ आणि ‘मी निबंध लिहिला आहे’ यांत तो न शिकताच कर्माचे लिंग पाळत असतो.

एवढी कामे अंगावर पडल्यावर ‘हाबेरे’चा मूळ अर्थच सुटला. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘जवळ असणे’ हे काम ‘तेनेरे’ (धरणे) या दुसऱ्या लॅटिन क्रियापदाकडे गेले. आता भविष्यकाळातूनही ‘हाबेरे’ मागे सरकत आहे. बोलताना स्पॅनिश माणूस ‘कान्तारे’पेक्षा ‘बोय आ कान्तार’, म्हणजे शब्दशः ‘गायला जातो’, असे पुष्कळदा म्हणतो आणि फ्रेंच बोलण्यातही ‘जाणे’ने तीच जागा घेतली आहे. जुने रूप दुसऱ्या एका कामाला लागले आहे, ते म्हणजे अंदाज. ‘सेरान लास त्रेस’ हे रूपाने भविष्यकाळी वाक्य आहे. घड्याळ जवळ नसताना स्पॅनिश माणूस ते म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असतो ‘तीन वाजले असतील’. मराठीतले ‘असतील’ही भविष्यकाळाचेच रूप आहे.