मॉडेल रेल्वेचे डीसीसी वायरिंग

एकाच रुळावरची अनेक छोटी इंजिने स्वतंत्रपणे चालवता यावीत, म्हणून वीज आणि आज्ञा दोन्ही रुळांतूनच पोहोचवणारी तारजोडणी. डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. एचओ मापात (१ : ८७) रुळांवर सतत सुमारे १४ ते १६ व्होल्ट दाब असतो आणि त्याची दिशा क्षणोक्षणी पालटते. प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘१’, सुमारे १०० किंवा अधिकचा असेल तर ‘०’, असे इंजिनातला डिकोडर (आज्ञा उलगडणारी छोटी चकती) वाचतो.

उगमाविषयी एकमत नाही. १९६० च्या दशकातील जनरल इलेक्ट्रिकच्या ॲस्ट्रॅक या पद्धतीला काहीजण आद्य मानतात. परंतु तीत दर इंजिनाला वेगळी कंप्रता (फ्रिक्वेन्सी) होती, अंकीय संदेश नव्हता. १९७९ च्या सुमाराची, हॉर्नबी या खेळगाड्यांच्या कंपनीची झीरो-१ अंकीय होती व १६ इंजिने हाताळी. मार्कलिनची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्याची. आजच्या मानकाचा पाया मात्र जर्मनीतील लेंझ कंपनीची संदेशरचना हा होय. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती स्वीकारली. अंकीय नियंत्रणाचा मान झीरो-१ कडे गेला, तरी डीसीसीची वंशावळ लेंझपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

रूळ मांडलेल्या पाटाखालून दोन जाड तारांची ‘बस’ (मुख्य वीजवाहिनी) नेतात. घरगुती वायरिंगची अडीचची (२.५ चौ. मिमी) मल्टीस्ट्रँड वायर बेळगाव, निपाणी, खानापूर येथे विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळते, तीच वापरावी. ५ अँपिअर प्रवाहाला ६ मीटर अंतरावर, जाऊन-येऊन, तीत सुमारे अर्धा व्होल्ट पडतो, ०.५ चौ. मिमीच्या तारेत सव्वादोनहून अधिक. ही बारीक तार फीडरपुरती (बसपासून रुळापर्यंतच्या जोडतारेपुरती) ठेवावी: ३० सेंमीच्या आत, दर मीटरला एक जोडी, रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर केलेली. फ्लक्स राळेचाच हवा. आम्लाचा रूळ खातो. स्लीपर वितळू नयेत म्हणून डाग देताना दोन्ही बाजूंना ओल्या चिंध्या ठेवतात. फिशप्लेटवर (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) विजेची भिस्त ठेवू नये. रुळांचा धातू निकेल सिल्व्हर (नाव फसवे, त्यात चांदी नसते) तांब्याइतका वाहक नाही.

परीक्षा रुपयाच्या नाण्याने होते. रुळावर ठिकठिकाणी ते आडवे ठेवावे. बूस्टर (रुळांना वीज पुरवणारे यंत्र) लगेच बंद पडला पाहिजे. बारीक तारा आणि सैल सांधे मिळून रोध ३ ओहमांपलीकडे गेला, तर १५ व्होल्टला प्रवाह ५ अँपिअरपर्यंत चढतच नाही. बूस्टर चालू राहतो, तारा व चाके तापतात आणि बोगीचे प्लास्टिक वितळते.

गाडी फिरून त्याच रुळावर उलटी परत येते, त्या वळशात डावा रूळ उजव्याला भिडतो व शॉर्ट होतो. म्हणून वळशाचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून, वेगळा करतात व त्याला ऑटो-रिव्हर्सरमधून (रुळांची जोडणी आपोआप उलटवणाऱ्या उपकरणातून) वीज देतात. तुकडा सर्वांत लांब गाडीहून मोठा असावा. कापलेल्या फटीत प्लास्टिकची चकती चिकटवणे येथे टाळू नये: मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत लाकूड आकसते, रूळ तापून वाढतात आणि मोकळी फट मिटते. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर–लोंढा पट्ट्यात, प्लायवूड फुगतो आणि फिशप्लेट ताणल्या जातात. जूनमध्ये बंद पडणारा भाग बहुधा फीडर नसलेला निघतो.

मॉडेल इथल्याच मार्गाचे करायचे तर, मिरज–लोंढा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. तो १ : ८७ ने सुमारे ११.५ मिमी भरतो, म्हणून १२ मिमीचा रूळ चालतो. ब्रॉडगेज १९.३ मिमी भरतो, पण बाजारी एचओ रूळ १६.५ मिमीचा, ही तडजोड रूढ आहे. लोंढ्याच्या तीन दिशा त्रिकोणाने जोडल्यास त्याची एक भुजा ऑटो-रिव्हर्सरवर घ्यावी लागते.